लाल मानेची बदकं

आमच्या घरात कोणी जायचं आणि कोणी राहायचं, हे एका उन्हाळ्यात बदकांवरून ठरवलं गेलं. असं एका वाक्यात लिहिलं की गंमत वाटते. तेव्हा मला मुळीच गंमत वाटली नव्हती, कारण राहण्याची पाळी माझ्यावर आली होती आणि मला घरात एक दिवसही काढवत नव्हता. बाबा उज्जैनच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. आई मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. माझा मोठा भाऊ शेखर इंजिनिअरिंगसाठी पुण्याला गेलेला होता. आणि बाबांची मोठी बहीण, कुसुमआत्या, नवरा गेल्यावर ग्वाल्हेरचं बिऱ्हाड मोडून आमच्याकडे राहायला आली होती. मी बारावीची परीक्षा देऊन रिकामी झाले होते आणि जबलपूरच्या व्हेटरनरी कॉलेजसाठीची परीक्षाही देऊन ठेवली होती. तिथे जाता येईल की नाही, एवढा एकच प्रश्न त्या उन्हाळ्यात माझ्यासमोर होता. बाकी सगळं त्याच्या भोवती होतं.

घर माधवनगरात, रेल्वेच्या रुळांपासून फार लांब नाही. दिवसभर मालगाड्यांचे डबे जोडण्या-तोडण्याचा आवाज यायचा, एक मोठा धक्का आणि मग त्याच्या पाठोपाठ डब्याडब्यातून जाणारा खडखडाट. पाहुणे दचकत, आम्हाला ऐकूही येत नसे. मला मात्र त्या वर्षी तो ऐकू यायला लागला. डबा जोडला गेला की आता ही गाडी कुठे निघाली असेल असं मनात येई आणि हातातलं काम तिथेच राही. कूलरची घरघर, आईच्या कुकरच्या शिट्ट्या, आत्याचं देवघरातलं पुटपुटणं, आणि जेवताना बाबांचं व्याख्यान, हे सगळं एकाच वेळी चाले. आमच्याकडे स्वयंपाक मराठी, पण त्यावर शेव उज्जैनची. पोह्यांवर शेव, साबुदाण्याच्या खिचडीवर शेव, वरणभातावरसुद्धा शेव. सांगलीहून लग्न होऊन आलेल्या आईने इतकी वर्षं झाली तरी वरणावर शेव घातली नव्हती. ती वाटी आपल्या ताटापासून जरा लांब सरकवी, एवढंच.

माझे पाय घरात ठरत नसत. काहीतरी निमित्त काढून मी टॉवर चौकात जायची. सकाळी धणे, दुपारी पेनची रिफिल, संध्याकाळी आत्याची उदबत्ती. आई म्हणायची, "एकदाच आठवून सगळं आणत जा ना. चपला झिजवून काय मिळतं?" टॉवरला जाऊनही मी काही करत नसे. लोक बसमधून उतरताना, टेम्पोत चढताना बघत उभी राहायची आणि परत यायची. बाबा वर्गात शिकवायचे की स्थलांतर करणारे पक्षी पिंजऱ्यात ठेवले, तरी जायचा हंगाम आला की अस्वस्थ होतात, उड्या मारतात, पिंजऱ्याच्या एकाच बाजूला जाऊन पंख फडफडवतात. हे त्यांनी मला घरीसुद्धा अनेकदा सांगितलं होतं. मी एकदा विचारलं, "आणि माणसाला असं झालं तर?" ते म्हणाले, "तुझं वेगळं. तू जन्मापासूनच चुळबुळी आहेस." झालं. विषय संपला.

बाबांचा खरा जीव भैरवगडच्या रस्त्यावरच्या एका तलावात अडकला होता. तलाव फार मोठा नाही, एका बाजूला चार दगडी पायऱ्या आणि महादेवाची घुमटी, दुसऱ्या बाजूला गवत आणि चिखल. आता तिथे रेलिंग आहे, पायडलच्या होड्या आहेत आणि मक्याची कणसं मिळतात. तेव्हा कोणी जात नसे. हिवाळ्यात तलावावर हळदीकुंकू बदकांचा मेळा भरायचा. चोचीच्या टोकाला पिवळं आणि मुळाशी लाल ठिपका असल्यामुळे मराठीत हे नाव पडलं. तिथले लोक त्याला गुगरल म्हणत. होळी झाली की पाणी मागे सरायला लागे. मग एका सकाळी जावं तर निम्म्याहून जास्त बदकं गेलेली. चंबळकडे गेली की कुठे, कोणाला माहीत नाही. पण उरलेली तिथेच राहत. आटत चाललेल्या डबक्यात, लोकांच्या म्हशींमध्ये, पार पाऊस येईपर्यंत. जात एक, तलाव एक, पाणी सगळ्यांसाठी सारखंच आटलेलं. मग काही का जातात आणि काही का राहतात?

बाबा हा प्रश्न असा विचारत की जणू कोणी त्यांच्याशी खाजगी भांडण काढलं आहे. ते म्हणत, कदाचित दांडगी असतात ती चांगल्या जागा धरून बसतात आणि दुबळ्यांना हाकलतात. किंवा उलट असेल, ज्यांच्या अंगात ताकद आहे तीच लांब उडू शकतात आणि दुबळी मागे राहतात. किंवा हे जन्मतःच ठरलेलं असेल, काही जाणारी, काही राहणारी. पण हे कळायचं तर एकेक बदक ओळखता आलं पाहिजे, आणि बदकं सगळी एकसारखी. पायात कडी घालावी तर पाय पाण्यात. तेव्हा बाबांना रंगाची कल्पना सुचली. त्या बदकाची मान फिकट असते, तिच्यावर रंग चांगला दिसला असता. आणि भैरवगडला तर पिढ्यान्‌पिढ्या कापड रंगवणारे आणि ठशांनी छापणारे लोक राहतात.

पकडायचं कसं, हा प्रश्न आत्यामुळे सुटला. ग्वाल्हेरच्या कोणा ज्योतिषाने तिला शनीसाठी माशांना कणकेच्या गोळ्या घालायला सांगितल्या होत्या. उज्जैनमध्ये हे करणारे घाटाघाटावर भेटतात, यात नवीन काही नाही. आत्या सकाळी कणीक भिजवून परातीत गोळ्या वळायची, बोराएवढ्या, आणि टेम्पो पकडून तलावावर जायची. शिप्रेवर गर्दी असते म्हणून तिला हा तलाव आवडे. गोळ्या माशांसाठी असत, पण मासे पोचायच्या आत बदकं पोचत. आत्याने दोन-चार दिवस त्यांना हाकललं. मग तिने ज्योतिषाला परस्पर बाजूला सारून निर्णय घेतला की शनीला बदकंही चालतात. हळूहळू तिची बदकं पायरीवर चढून तिच्या चपलांपर्यंत यायला लागली.

बाबांनी बांबूच्या चौकटीवर आमची जुनी मच्छरदाणी ताणून बसवली आणि एका काठीवर तिरकी उभी केली. काठीला दोरी. आत्या मच्छरदाणीखाली गोळ्या टाकणार, बदकं येणार, बाबा दोरी ओढणार. आज असं काही केलं तर वनखात्याचे लोक येऊन आम्हा सगळ्यांना मच्छरदाणीसकट घेऊन जातील, आणि बरोबरच करतील. तेव्हा त्याचं कोणाला काही वाटलं नाही. रंग आणला यूसुफचाचांनी. त्यांचं रंगाचं अंगण तलावाला लागूनच होतं. मातीच्या भांड्यात गडद लाल रंग आणि काठीला बांधलेला कापडाचा बोळा घेऊन ते पायरीवर बसले आणि बाबांकडे बघत म्हणाले, "साब, चादर छापी, साड़ी छापी, लुगड़ा छापा. बतख पहली बार छाप रहा हूँ. छापा कौन सा लगाऊँ, बूटी का या बेल का?"

"बस गरदन लाल कर दो," बाबा म्हणाले. "पक्का रहेगा ना?"

"रंग तो पक्का है. पर कपड़ा चुपचाप बैठता है, साब."

धरायचं काम माझं. पहिल्या बदकाने मला कोपरापर्यंत ओरबाडलं. दुसऱ्याच्या वेळी मला कळलं की घट्ट आवळायचं नाही, पंख अंगाशी मिटवून कडेला घ्यायचं, आणि त्याला वाटू द्यायचं की आपल्याला कुठे घाई नाही. ते गप्प झालं. त्याचं काळीज माझ्या तळहाताखाली इतकं जोरात उडत होतं की मला माझा हात हलतोय असं वाटलं. पुढे आयुष्यभर मी हेच काम केलं, गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या, जे समोर येईल ते धरायचं. पण ते त्या दिवशी ठरलं, असं मी म्हणणार नाही. ते आधीच ठरलं होतं. त्या दिवशी फक्त हात लागला.

आत्या मच्छरदाणीबाहेर उभी राहून बाबांना ओरडून सांगत होती, "वसंता, अरे, त्याला चष्म्याला चोच मारू देऊ नकोस! हा चष्मा नवीन आहे!" तिला बदकांची काळजी होती की चष्म्याची, हे कळायला मार्ग नव्हता. दुपारपर्यंत बाबांना हव्या होत्या तेवढ्या माना लाल झाल्या, आणि आम्हा तिघांचे हात तर कोपरापर्यंत. आईने दारातच चहाचे कप हातात दिले आणि कोणालाही पलंगावर बसू दिलं नाही.

उन्हाळा आला. पाणी मागे गेलं, चिखलाला भेगा पडल्या, आणि नेहमीप्रमाणे एका सकाळी बहुतेक बदकं गेलेली दिसली. बाबा दुर्बीण लावून पायरीवर बसले आणि मग दुर्बीण खाली ठेवून नुसतेच बघत राहिले. उरलेल्यांत लाल माना सगळ्या होत्या. जवळजवळ एकूणएक. जणू ठरवून फक्त बिनरंगी बदकंच गेली होती. मी बाबांना एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं. परत येताना त्यांनी फ्रीगंजमध्ये स्कूटर थांबवून जिलेबी घेतली आणि दुकानदाराला, ज्याला यातलं काही कळायचं कारण नव्हतं, सांगितलं, "जो रुकनेवाले हैं, वो जनम से रुकनेवाले हैं." तो म्हणाला, "सही बात है, सर," आणि पाव किलो जास्त बांधली.

बाबांनी त्यावर निबंध लिहायला घेतला. भोपाळला प्राध्यापकांची एक सभा होती, तिथे तो वाचायचा होता. आणि जसजसा निबंध पुढे सरकला तसतसा तो घरात पसरायला लागला. दूधवाला कोणत्या प्रकारातला, शेजारचे कोणत्या प्रकारातले. जबलपूरला माझी निवड झाल्याचं कळलं त्याच दिवशी रात्रीच्या जेवणात तो माझ्यापर्यंत येऊन पोचला.

"शेखर जाणाऱ्यांतला," बाबा म्हणाले, शांतपणे, एखादी चांगली बातमी द्यावी तसे. "पाळण्यातूनसुद्धा पाय बाहेर काढायचा. मंजू राहणाऱ्यांतली. तिला इथेच बी.एस्सी. करू दे, माझ्याच कॉलेजात. जबलपूरला गेली तर महिन्याभरात रडत परत येईल. वर्ष फुकट."

"मी कधी रडले?" मी विचारलं.

"ग्वाल्हेरला रडली होतीस," आत्या म्हणाली. "माझ्याकडे आली होतीस तेव्हा. रात्रभर आई आई."

"मला गोवर आला होता, आत्या! मी पहिलीत होते!"

"तेच म्हणते मी. गोवर तर शेखरलापण आला होता. तो नाही रडला."

"शेखरला इथे आला होता. घरात."

"आता गोवराचं राहू दे," बाबा म्हणाले. "शिवाय ढोरांची डॉक्टरी मुलींना जड जाते. मी म्हणत नाही की जाऊच नकोस. मी म्हणतो, प्रत्येकाचा एक पिंड असतो."

आई वाढत होती. तिने पळी भांड्यात ठेवली आणि विचारलं, "अहो, या घरात बाहेरून आलेलं कोण कोण आहे?"

"म्हणजे?"

"मी सांगलीहून आले. सासूबाई बुऱ्हाणपूरहून आल्या होत्या. वन्सं ग्वाल्हेरला गेल्या आणि ग्वाल्हेरहून आल्या. तुमचे कोण पूर्वज शिंद्यांच्या दफ्तरात लिहायला म्हणून इकडे आले, त्यांच्यानंतर तुमच्याकडचा एक तरी पुरुष उज्जैन सोडून गेला? शेखर पहिला. मग या घरातल्या मुली राहणाऱ्या आणि मुलं जाणारी, हे कुठल्या हिशोबाने?"

"ते लग्नाचं. ते वेगळं."

"वेगळं कसं?"

बाबांनी आणखी आमटी मागितली. आईने वाढली, पण त्यांच्याकडे न बघता. त्या रात्री एवढंच झालं. मला वाटलं होतं आई पुढे बोलेल, भांडेल, पण ती भांडणारी नव्हती. गणिताच्या बाईसारखी तिने प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला आणि वर्गातून निघून गेली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही. जबलपूरला हजर व्हायची शेवटची तारीख जवळ येत होती आणि घरात कोणी नाहीसुद्धा म्हणत नव्हतं. नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मी ट्रंक काढून पुसली, आत दोन सलवार-कमीज ठेवले, परत काढले. आत्या बघून म्हणायची, "काय करून राहिली आहेस गं? घाल ती ट्रंक वर." गच्चीवर फेऱ्या मारल्या तर खालच्या घरमालकीणबाईंनी विचारलं, "बेटी, ऊपर कुछ गिर गया क्या?" अशातच आत्याला ग्वाल्हेरहून बोलावणं आलं. तिच्या दिराच्या नातवाची मुंज होती. ती गेली ती पंधरवडाभर राहिली. बाबांकडे तपासायला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले होते, आई त्यांच्याबरोबर बसून बेरजा तपासून देत होती. तलावावर कोणी गेलं नाही.

एका सकाळी मला घरात बसवेना, म्हणून मी सायकल काढली आणि भैरवगडचा रस्ता धरला. काही बघायला म्हणून नाही. फक्त चालवायला. तलावावर पोचले तर पायऱ्या कोरड्या, घुमटीत कोणी नाही, आणि उरलेल्या पाण्यात म्हशी. बदकं नव्हती. मी तलावाला पूर्ण फेरी मारली. गवताच्या बाजूला, जिकडे आम्ही कधी गेलो नव्हतो, तिकडेही गेले. शेवटी घुमटीच्या मागे डबक्यात दोन दिसली, एकाची मान लाल. बाकी सगळ्या लाल माना गेल्या होत्या. जन्मतः राहणाऱ्या.

यूसुफचाचा अंगणात चादरी वाळत घालत होते. मी विचारलं तर म्हणाले, "हफ़्ता हुआ होगा. किसी ने पकड़ के खा ली होंगी, बेटा. लाल गरदन देख के समझा होगा कोई ख़ास चीज़ है." त्यांना त्यात स्वतःच्या रंगाचा थोडा अभिमानही वाटत असावा. पण पिसं कुठेच पडलेली नव्हती. एवढी बदकं कोणी खाल्ली असती तर चिखलात पिसं दिसली असती. मी पायरीवर बसले. जिथे आत्या बसायची तिथेच. आणि मला एकदम दिसलं की आम्ही काय केलं होतं. पंधरा दिवस गोळ्या नव्हत्या, पंधरा दिवसांत बदकं नव्हती. आणि आम्ही रंग लावला होता कोणाला? मच्छरदाणीखाली आली त्यांना. मच्छरदाणीखाली कोण आली? जी गोळ्या खायला येत होती ती. तलावाच्या मधोमध राहणारी, माणूस दिसला की उडणारी, स्वतःचं स्वतः शोधून खाणारी, त्यांच्यातलं एकही आमच्या हाताला लागलं नव्हतं. मी उठले. सायकल इतकी जोरात आणली की अर्ध्या रस्त्यात साखळी पडली. ती चढवून काळ्या हातांनी घरी पोचले.

बाबा पलंगावर उत्तरपत्रिकांमध्ये बसले होते. मी सांगितलं. ते म्हणाले, "रंग उतरला असेल. त्या चाचाने पक्का म्हणून कच्चा लावला."

"बाबा, रंग नाही उतरला. बदकंच नाहीत."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः माझ्याबरोबर तलावावर आले. आईकडून कणीक भिजवून घेतली होती. पायरीवर बसून त्यांनी एकेक गोळी पाण्यात टाकली. म्हशींनीही त्यांच्याकडे बघितलं नाही. मी म्हणाले, "आपण ज्यांना रंग लावला ती राहणारी नव्हती, बाबा. ती खाणारी होती. आत्या गेली, ती पण गेली. जी आपल्याकडे आलीच नाहीत त्यांच्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही."

"हं," ते म्हणाले.

"आणि मी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मी राहणारी, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? शेखरला तुम्ही पाठवलंत, तो गेला. मला कुठे पाठवून पाहिलंत? एकदा ग्वाल्हेरला, तेही गोवर घेऊन."

बाबांबद्दल मला पुष्कळ तक्रारी होत्या आणि त्यातल्या काही अजूनही आहेत. पण हा माणूस खोटं बोलत नसे, स्वतःशीसुद्धा. त्यांनी हातातली उरलेली कणीक दगडाला पुसली आणि म्हणाले, "नाही पाहिलं." आणि मग, "नमुनाच चुकला. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हेच शिकवतो." घरी येऊन त्यांनी निबंधाचे कागद कपाटावर टाकले आणि भोपाळला कळवलं की निष्कर्षात मूलभूत चूक सापडली आहे, म्हणून वाचणार नाही. त्यांचे सहकारी वर्षभर त्यांना 'बतख साहब' म्हणत होते. ते त्यांनी ऐकून घेतलं. आणि माझ्याबद्दल आईला एवढंच सांगितलं, "पाठवून पाहू." आई म्हणाली, "ट्रंकेला कुलूप नाहीये. येताना घेऊन या."

त्याच आठवड्यात आत्या परतली. तिला सगळं सांगितल्यावर तिने कपाळाला हात लावला. "मुक्या जिवांना उपाशी घालवलंत! एवढी माणसं घरात, आणि चार गोळ्या कोणाला टाकवल्या नाहीत!"

"वन्सं, ती मेली नाहीत. उडून गेली," आई म्हणाली.

"म्हणजे माझ्या गोळ्यांवर राहिली होती?" आत्याचा चेहरा हळूहळू बदलला. "वसंता, हे लिही तुझ्या निबंधात. माझं नाव घालून लिही."

या सगळ्या प्रकरणात मनापासून खूश झालेली ती एकटीच. आणि मग तिने मला धरलं. मी निघेपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात जे झालं ते दिवाळीतही होत नसे. सोमवारी दालबाफले, म्हणजे डाळीबरोबर कणकेचे भाजलेले गोळे, तुपात बुडवलेले. मंगळवारी पुरणपोळी. बुधवारी हंगाम नसताना कुठून तरी आणलेल्या भुट्ट्याचा कीस. ती ताट पुढे ठेवून समोर बसायची आणि म्हणायची, "तिकडे असं मिळेल का, मंजे? ते हॉस्टेल आहे. पाण्यातली डाळ मिळेल." मी सगळं खाल्लं. मला भूक होती आणि बाफले उत्तम होते. पण दर घासाला मी तिच्या चपलांजवळ आलेल्या त्या बदकांचा विचार करत होते, आणि तिलाही ते माहीत होतं. एकदा तिने वाढता वाढता विचारलं, "एवढं खाऊनसुद्धा जाणार?" मी म्हटलं, "जाणार." ती म्हणाली, "मग आणखी एक घे."

आता या विषयावर पुष्कळ काम झालं आहे. पक्ष्यांच्या पाठीवर छोटी यंत्रं बसवतात, कोणतं कुठे गेलं ते खोलीत बसून कळतं. मी निवृत्तीच्या जवळ आलेली गुरांची डॉक्टर आहे, माझा त्याच्याशी संबंध नाही, पण सापडलं ते वाचते. एकच एक उत्तर अजून नाही. कुठे अंगातली चरबी, कुठे वय, कुठे नर-मादीचा फरक, कुठे पोटाला मिळतं की नाही ते. काही पक्षी एका वर्षी जातात आणि पुढच्या वर्षी राहतात, म्हणजे पिंडबिंड असं काही दगडावर कोरलेलं नसतं. नोकरीत माझी बरीच गावं झाली. काही मला आवडली, काही मी काढली. लोक मला विचारतात की तुमचा स्वभावच फिरण्याचा का. मला माहीत नाही. बदकांवरून माणसांबद्दल काही ठरवू नये, हे माझं मत त्या पायरीवर झालं आणि ते बदललेलं नाही. त्या दिवशी मला त्या बदकांचा उपयोग झाला, तेवढं मात्र खरं.

बाबा स्टेशनवर पोचवायला आले. गाडी यायच्या आधी त्यांनी मला पाण्याची सुरई, केळी आणि सूचना दिल्या. गाडीत बसल्यावर खिडकीशी येऊन म्हणाले, "काय होतंय ते कळव. चांगलं लिहायचं म्हणून लिहू नकोस. खरं कळव." गाडी हलली. मी मागे वळून बघितलं की नाही, असं माझ्या मुलीने एकदा विचारलं होतं. नाही बघितलं. माझ्या खिडकीसमोर एका बाईने गहू भरलेलं पोतं उभं केलं होतं, आणि तिच्याशी त्याबद्दल वाद घालण्यात पुढचं स्टेशन येऊन गेलं.

महिना झाल्यावर मी जबलपूरहून कार्ड टाकलं: "खोलीत गळतं. डाळ पाण्यातली असते, आत्या म्हणाली तशीच. एका म्हशीने लाथ मारली. दोनदा रडले. राहते आहे."

बाबांचं उत्तर लगेच आलं, त्यांच्या बारीक अक्षरात: "कळलं. एकाच नमुन्यावरून आणि एका महिन्यावरून काही सिद्ध होत नाही. पुढचं कळवत राहा." कार्डावर त्याखाली बोटभर जागा उरली होती. तिथे आईने पेन्सिलीने लिहिलं होतं: "मला पुरे आहे. सुट्टी लागली म्हणून धावत येऊ नकोस. तिथून पुढे काय आहे ते बघून ये."